माझ्या लग्नातला खोडकिडा

माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट पाहिलेला माणूस दोन प्रश्न हमखास विचारतो. मंगलाष्टकं चालू असताना मध्येच उसाच्या फडात उभा असलेला तो चष्मेवाला गृहस्थ कोण? आणि नवरदेव कुठं गेला? दोन्हींना जबाबदार मीच. आता इतकी वर्षं झाली, सगळ्यांचे केस पिकले, तेव्हा कबूल करायला हरकत नाही.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. मी बारामतीची, बी.ए. झालेली, मे महिन्यात लग्न होऊन इंदापूर तालुक्यातल्या कळंबला आले. घरात सासरे, सासूबाई, माझा नवरा आणि एक धाकटी नणंद. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही म्हणायची. आबांचा आवाज असा, की विहिरीवरून त्यांनी हाक मारली तर घरातलं मांजर चुलीमागं जाऊन बसायचं. विकास सोसायटीच्या बैठकीत ते बोलायला उभे राहिले की सचिव आधी खिडक्या लावून घ्यायचा. नवरा साखर कारखान्यावर नोकरीला. नणंद बारामतीच्या कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. राहायची माझ्या माहेरी आणि शनिवारी-रविवारी घरी यायची.

लग्नाचं शूटिंग आबांनी हौसेनं करवून घेतलं होतं. दोन कॅसेटी भरल्या होत्या. पण त्या बघायला मशीन नव्हतं. दर वेळी इंदापुरातून भाड्यानं आणायचं आणि सकाळी परत नेऊन द्यायचं. अशातच आबांच्या चुलतभावानं आमच्यासारखाच रंगीत टीव्ही घेतला. म्हणजे बरोबरी झाली. बरोबरी हा आबांच्या हिशेबी पराभवच. दिवाळी तोंडावर असताना ते जेवता जेवता म्हणाले, "घरचा व्हिडिओ पायजे. आपल्या पोराचं लगीन बघाय दुसऱ्याच्या मशीनचे पाय किती दिस धरायचे?"

नवरा पुण्याला जाऊन घेऊन आला. दुकानदार त्याला म्हणाला होता, की नुसतं बघायचं असेल तर साधं मशीन घ्या, रेकॉर्डिंगवालं कशाला? पण नवऱ्याला रेकॉर्डिंगवालंच हवं होतं. काय रेकॉर्ड करणार, हे विचारायचं नाही. आमच्याकडं ट्रॅक्टर घेताना आधी ट्रॉली बघतात. तिच्यात भरायचं काय, ते नंतर ठरतं.

खोकं उघडलं आणि ते काळं धूड टीव्हीखाली बसवलं. लगेच सासूबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. आमच्या घरात नवीन आलेली वस्तू पूजेशिवाय चालू होत नसे. पाण्याची मोटार, शेगडी, फवारणीचा पंप, सगळ्यांना हळदीकुंकू लागलं होतं. सासूबाईंनी झाकणावर स्वस्तिक काढलं, उदबत्ती ओवाळली, आणि हातात अक्षता घेऊन नवऱ्याला विचारलं, "ह्येचं त्वांड कुठं?"

नवऱ्यानं मोठ्या अभिमानानं कॅसेट घालायची झडप बोटानं आत ढकलून दाखवली. "हितं."

सासूबाईंनी मूठभर अक्षता त्या तोंडात घातल्या. नवा बैल आला की त्याला घास देतात, तशा. मी पुढं होईपर्यंत झडप बंद झालीसुद्धा. आबांनी उंबऱ्यावर नारळ फोडला आणि म्हणाले, "व्हा सुरू."

सुरू व्हायला अडीच तास लागले. मशीनबरोबर इंग्रजीत छापलेलं जाडजूड पुस्तक होतं. ते वाचणं नवऱ्याला कमीपणाचं वाटत होतं. त्यानं समोर दिसेल ते बटण दाबलं. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. मग तो छपरावर चढला. कळंबात टीव्हीला काहीही होवो, इलाज अँटेनावरच व्हायचा.

"आलं का?" वरून.

"न्हाय!" खालून आबा.

"आता?"

"न्हाय!"

"आता बघा!"

"मगाशी मुंग्या डावीकडं पळत हुत्या, आता उजवीकडं पळत्यात. तेवढाच फरक हाय!"

शेजारची दोन घरं अंगणात जमली. एकानं सुचवलं, अँटेनाचं तोंड पुण्याकडं करा, मशीन पुण्याचं हाय. नवऱ्यानं तेही केलं. तेवढ्यात मी स्वयंपाकघरात चुलीशी बसून पुस्तक वाचून काढलं. गोष्ट अगदी साधी होती. अँटेनाची वायर टीव्हीतून काढून मशीनमध्ये लावायची, मशीनमधून दुसरी वायर टीव्हीत आणायची, आणि टीव्हीच्या पुढच्या छोट्या झाकणाखालच्या चाकांपैकी एक हळूहळू फिरवत चित्र पकडायचं. मी पदर खोचला आणि चाक फिरवलं. मुंग्या गेल्या. पडदा स्वच्छ निळा झाला. सगळे असे पुढं सरकले, जणू विहिरीला पाणी लागलं.

"सूनबाई, रिमोट तुज्याकडंच राहू दे," आबा म्हणाले. नवरा अजून छपरावरच होता.

मग कॅसेट घातली आणि आतून दाणे भरडल्यासारखा आवाज आला. दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या मेकॅनिकनं मशीन उघडलं आणि चिमट्यानं कुंकवाचे सात तांदूळ काढून टेबलावर ओळीनं मांडले. "वहिनी," तो म्हणाला, "मशीनचं लगीन लावलं का काय?"

अशी मी घरची ऑपरेटर झाले. नव्या सुनेला मिळणारा एवढा मोठा हुद्दा माझ्या ऐकण्यात नाही. घरातली मोठी मोठी माणसं माझ्याकडं बघून "लाव बाई", "थांबव बाई" म्हणायची.

आणि लवकरच मला कळलं, की लग्नाची कॅसेट लोक लग्नासाठी बघतच नाहीत. ती स्थळं हेरायची वही असते. दुपारी कामं उरकून बायका यायच्या, नवरा-नवरीकडं ढुंकूनही बघायच्या नाहीत, आणि मागच्या गर्दीतल्या मुलींवर डोळा ठेवायच्या. "थांबव, थांबव! ती मोरपंखी साडीतली कुणाची?" मी चित्र थांबवायची. "जरा फुडं घे, चालती कशी बघू." मी पुढं घ्यायची. "उंची हाय. बाजूच्या खांबाला धरून बघ की." माझ्या लग्नातल्या पंक्तीवरून त्या वर्षी तीन लग्नं जमली. मुलगी बघायला माणसं घरी आली, पोहे खाल्ले आणि नकार दिला, तर गावभर होतं. कॅसेटवर बघून नकार दिला तर मुलीलाही पत्ता नाही. सोय मोठी होती. मी त्यातली पुजारीण.

माझ्या मंगलाष्टकांत नवऱ्यामागं करवली म्हणून उभी होती माझी नणंद. कऱ्यावर नारळ धरून, डाळिंबी शालू नेसून. शूटिंगवाल्याचा तिच्यावर फारच जीव जडलेला. पहिल्या कॅसेटमध्ये नवरदेवाच्या खांद्यावरून हळूच कॅमेरा तिच्याकडं वळायचा आणि तिथंच राहायचा. एकदा तर तिचा चेहरा गुलाबाच्या फुलात घालून दाखवला होता, नवरी मी असताना.

फेब्रुवारी संपता संपता कन्हेरीहून आक्का आल्या. आक्का म्हणजे आबांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळं आबांना त्यांनीच कडेवर घेऊन वाढवलेलं. सोसायटी दणाणून सोडणारे आबा आक्कांसमोर टोपी सारखी करून बसायचे आणि विचारल्याशिवाय बोलायचे नाहीत.

आक्कांनी स्थळ आणलं होतं. मुलगा मिलिटरीत, घरी दहा एकर बागायत, माणसं चांगली. (खरंच चांगली होती, पुढं कळेलच.) पण मुलाची सुट्टी पंधरा दिवसांची. तेवढ्यात सुपारी फोडायची आणि लग्न चैत्रात.

"पोरीची परीक्षा चैत्रात हाय," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"मग काय झालं? परीक्षा काय पळून चालली का? मिलिटरीवाला पळून जाईल," आक्का म्हणाल्या. "मंगळवारी त्या पोराचे आईबाप माज्याबरोबर येतील. पोरगी हितं नसली तरी चालंल. सहज आल्यासारखं येऊ, लग्नाची कॅशेट बघू. पसंत पडली तर दोन दिसांनी सुपारी. व्हय का रं?"

"तुजा शब्द म्हंजी..." आबांनी टोपी सारखी केली.

शनिवारी नणंद घरी आली. सासूबाईंनी तिला सांगितलं, आणि ती माझ्याकडं स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली. रडली वगैरे नाही. ती रडणाऱ्यांतली नव्हती.

"वैनी, मला लगीन नको असं न्हाय. ज्याच्या गळ्यात म्हणाल त्याच्या माळ घालते. पण तीन वर्षं मी इस्टीच्या गर्दीत उभं राहून कॉलेज केलंय. आता सहा पेपर राहिल्यात. तेवढे देऊ द्या. एकदा चैत्रात मांडवात बसले की परत कुणी मला पुस्तक हातात धरू देणार हाय का?"

"आबांना सांगा की, वन्सं."

"सांगितलं. म्हणले, आक्काला इचारतो." तिनं माझ्याकडं बघितलं. "वैनी, त्या मशीनला लाल बटण हाय ना?"

खरं सांगते, ही कल्पना माझी नव्हे. पण ऐकताक्षणी माझ्या अंगावर आनंदाचा काटा आला. मशीन आल्यापासून त्या लाल बटणाला कुणी हात लावला नव्हता. कॅसेटवर मुलगी दिसलीच नाही, तर पसंत कशी पडेल? पंधरा दिवस असेच गेले की मिलिटरीवाला सीमेवर, आणि पोरगी परीक्षेला.

अडचण एकच. पुसायचं म्हणजे त्या जागी दुसरं काहीतरी रेकॉर्ड करावं लागतं, आणि त्या वेळी टीव्हीवर जे चालू असेल तेच तिथं बसतं. संध्याकाळी आबा घरात नसायचे. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाची वेळ झाली की ते सोसायटीच्या ऑफिसात जायचे. तो कार्यक्रम आमच्या भागात कीर्तनापेक्षा भक्तिभावानं बघत, आणि तो संपल्याबरोबर वाद घालायला माणसं लागत. सासूबाई म्हशींकडं, नवरा कारखान्यात पाळीवर. अर्धा तास आमचा.

कॅसेटच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा तुकडा शूटिंगवाल्यानं मोडलेला होता. तो मोडला की त्या कॅसेटवर नवीन काही भरता येत नाही. पुस्तकात लिहिलं होतं, त्या खाचेवर चिकटपट्टी लावा. घरात चिकटपट्टी म्हणजे बोट कापल्यावर लावायची. ती लावली. माझ्या लग्नाला जखम झाल्यासारखी दिसत होती.

आणि आम्ही बसलो. नणंद पडद्यावर स्वतःला शोधायची, मी बोटं बटणांवर ठेवून तयार.

"आले! दाबा!"

मी लाल बटण आणि चालू करायचं बटण एकदम दाबलं. नवऱ्यामागची करवली गेली, आणि तिच्या जागी हिरव्यागार उसाच्या फडात एक चष्मेवाले साहेब उभे राहिले. हातात उसाचा वाळलेला पोंगा, म्हणजे शेंड्याचा मधला कोंब. खोडकिडीवर बोलत होते. अंदाजानं वेळ झाल्यावर थांबवलं, पुढं नेलं, पुन्हा "आले! दाबा!" साहेब परत हजर. करवली कायम नवरदेवाच्या पाठीशी असते, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदाच जाणवलं. तिला पुसायचं तर नवरदेवही जायचा.

"वैनी, दादा चालला," नणंद म्हणाली.

"जाऊ द्या. घरी आहे तेवढा पुरे."

अंतरपाट धरला होता, तिथं साहेब. सप्तपदीची चार पावलं गेली, तिथं साहेब. गुलाबाच्या फुलातला चेहरा पुसताना तर मी बटण जरा जास्तच जोरात दाबलं. पहिली कॅसेट संपत आली आणि कार्यक्रमही संपला. दुसऱ्या कॅसेटमध्ये वरात होती. त्यात नणंद पाच मिनिटं बँडसमोर नाचत होती, चेहरा थेट कॅमेऱ्याकडं, केसांत गजरा, गालावर घाम. ती पाहिली तर नकार देणारा माणूस आंधळाच म्हणायचा. मी दुसरी कॅसेट हातात घेतली आणि अंगणात आबांच्या मोटारसायकलचा आवाज आला.

"राहू द्या," मी म्हणाले. "मंगळवारी दुसरी मी लावतच नाही. रिमोट माझ्याकडं आहे."

सोमवारी ती बारामतीला गेली. मंगळवारी दुपारी जेवणवेळ टळल्यावर आक्का पाहुण्यांना घेऊन आल्या. मुलाची आई ठसठशीत, हसरी, मोठ्या कुंकवाची. वडील उंच, लालबुंद फेटा, खिशात डायरी. आबा खुर्चीत, आक्का दिवाणावर, मी मशीनशेजारी जमिनीवर. चहा झाला. सगळे "सहज" टीव्हीकडं बघू लागले.

हळद झाली, मारुतीला नवरदेव गेला, मांडव आला. "आता येईल बघा आमची पोरगी," आक्का म्हणाल्या. भटजींनी "शुभमंगल" म्हणून सूर लावला, अंतरपाटाच्या मागं डाळिंबी रंग दिसला न दिसला, आणि पडद्यावर उसाचा फड उभा राहिला.

"शेतकरी बंधूंनो," साहेब म्हणाले, "पोंगा ओढून बघावा. सहज निघून आला आणि त्याला दुर्गंधी येत असेल, तर..."

"हे कोण रं?" आक्का.

"शूटिंगवाल्याची चूक असेल," मी म्हणाले. "जुनी कॅसेट वापरली असेल मेल्यानं."

मांडव परत आला. आत्या, मावश्या, अक्षता. मग पुन्हा डाळिंबी रंगाची कड, आणि पुन्हा साहेब. "...अळी खोडात शिरून आतला गाभा..." मुलाची आई तोंडाला पदर लावून हसू दाबत होती. आक्कांचा चेहरा मात्र चुलीवरल्या तव्यासारखा. "फुडं घे! फुडं घे!"

मी पुढं घेतलं. तेवढ्यात लाल फेटा पुढं झुकला.

"थांबा, थांबा. मागं घ्या जरा."

"काय झालं?" आक्कांना वाटलं, मुलगी दिसली.

"ते साहेब औषधाचं काय म्हणत हुते? किती पाण्यात किती?" पाहुण्यांनी खिशातून डायरी काढली. "आमच्या सुरूच्या, नव्या लागणीच्या उसाला पोंगे मराय लागल्यात. गेला आठवडाभर मी हैराण हाय."

आता सांगा, काय करायचं? मी मागं घेतलं. साहेब बोलले. पाहुण्यांनी लिहून घेतलं. मध्येच माझ्या गळ्यात मंगळसूत्र पडलं, तर ते म्हणाले, "हे लगीन जरा पळवा की बाई, साहेबाचं अजून संपल्यालं न्हाय." मी लग्न पळवलं. असं तासभर चाललं. आमच्या घरात पहिल्यांदाच लग्नाच्या कॅसेटपुढं कुणी वही-पेन घेऊन बसलं होतं.

माझं लक्ष आबांकडं गेलं आणि माझं हसू आटलं. ते पडद्याकडं बघतच नव्हते. माझ्याकडं बघत होते. शनिवारी सोसायटीच्या ऑफिसात बसून त्यांनी हाच कार्यक्रम अथपासून इतिपर्यंत पाहिला होता, आणि त्यावर चुलतभावाशी भांडण करून आले होते. आणि मे महिन्यातल्या लग्नात शनिवारचा कार्यक्रम कसा येणार, हे कळायला बी.ए. व्हावं लागत नाही. सगळं गाव भक्तिभावानं बघतं तोच कार्यक्रम मी चोरीसाठी निवडला होता.

कॅसेट संपली. साहेबांनी शेवटी हात जोडले.

"ह्या भानगडीत पोरगी कुठं दिसलीच न्हाय," आक्का म्हणाल्या. "दुसरी लाव. वरातीत नाचल्याली हाय ती. मला आठवतंय चांगलं."

"दुसरी जरा खराब झालीय, आक्का. मशीनमध्ये अडकेल," मी म्हणाले.

"अडकू दे. लाव."

"हेड साफ करावा लागेल..."

आक्का उठल्या. टीव्हीखालच्या कपाटातून त्यांनी स्वतः दुसरी कॅसेट काढली आणि माझ्यापुढं धरली. "लावती का मी लावू?"

मी आबांकडं पाहिलं. ते उठले होते. सरळ बाहेर पडवीत गेले. मला वाटलं, संपलं, आता हे मला सगळ्यांसमोर विचारणार. मी कॅसेट आत घातली. मशीननं ती ओढून घेतली. बँडचा पहिला ठोका आला, लाल-हिरवे दिवे दिसले, गर्दी बाजूला झाली आणि मधून एक गजरा पुढं येऊ लागला...

टीव्ही बंद. पंखा बंद. मशीनचे हिरवे आकडेही गेले.

"लाईट गेली," आबा पडवीतून म्हणाले. आवाज विहिरीवरचा.

"आत्ताच कशी गेली?" आक्का.

"रोजच जाती. भारनियमन हाय."

"मग ती गिरणी कशी चाललीय?" खरंच, शेजारची पिठाची गिरणी खडखडत होती.

"ती दुसऱ्या फेजवर हाय," आबा दारात येऊन म्हणाले. दोन्ही हात कोपरीच्या खिशात.

"कवा येईल?"

"सरकारला इचार, आक्का."

एवढ्या आयुष्यात आबांनी आक्कांना दिलेलं हे पहिलं उलट उत्तर असावं. ते देऊन ते स्वतःच इतके घाबरले की त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. ती उलटी बसली.

सगळे पाऊण तास अंधुक खोलीत बसून राहिले. वीज नसली की कॅसेट मशीनमधून बाहेर येत नाही, त्यामुळं ती दुसरीकडं नेऊन बघायचीही सोय नव्हती. लाल फेट्याला काही घाई नव्हती. ते आबांशी खोडकिडीवर बोलत होते, आणि साहेबांनी सांगितलेलं औषध आबांच्या मते चुकीचं कसं आहे, हे ऐकून घेत होते. शेवटी पाचची एसटी धरायची म्हणून उठले. मुलाची आई जाताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "कॅशेट लय झ्याक हाय तुमची. माज्या नणंदंला दावाय पायजे हुती." त्या बाईला सगळं कळलं होतं, असं मला आजही वाटतं. तिच्या मुलाचं पुढच्याच आठवड्यात दुसरीकडं जमलं, आणि मुलगी म्हणे सोन्यासारखी मिळाली.

आक्का मात्र उंबऱ्यावर थांबल्या. "उद्या मी परत येती. नायतर तू पोरीला बारामतीहून आणून ठेव. परवा बघाय येतील," असं आबांना बजावून त्या गेल्या.

आबा पडवीत गेले. मीटरच्या फळीवर काहीतरी खट्‌ वाजलं आणि घरातला पंखा फिरू लागला. बँडचा आवाज सुरू झाला नाही, कारण मी आधीच मशीनची पिन काढून ठेवली होती. आबा आत येऊन खुर्चीत बसले. फ्यूज धरलेल्या बोटांना लागलेली धूळ धोतराला पुसत म्हणाले, "सूनबाई, मेंढरं राखणाऱ्याच्या पोटचा हाय मी. कळपातलं कोण न्हाय, त्ये मला मोजाय लागत न्हाय. पुऱ्या लग्नात माजीच पोरगी तेवढी न्हाय?"

मी रिमोट खाली ठेवला.

"आन माजा पोरगाबी न्हाय."

"तो मध्ये येत होता, आबा."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. हसू आवरत होते की राग, कळेना.

"तुमी दोघींनी एवढा खटाटोप केला," ते म्हणाले. "सोताचं लगीन पुसलंस तू. म्हंजी तिला परीक्षा द्यायचीच हाय तर."

"तुम्हाला सांगितलं होतं की वन्संनी."

"सांगितलं हुतं," ते हळू म्हणाले. "पण मी आयकलं न्हवतं. किती पेपर हायत?"

"सहा."

"शेवटचा कवा?"

मी सांगितलं. ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले आणि मग उठून निजायला गेले, भर संध्याकाळी, न जेवता.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं. सासूबाईंनी विचारलं, "कुठं?" तर म्हणाले, "कन्हेरीला." मोटारसायकल नेली नाही, एसटीनं गेले. मोटारसायकल असली की अर्ध्या वाटेतून परत फिरता येतं, असं त्यांनी मला पुढं कधीतरी सांगितलं.

त्या दिवशी घरात कुणाचं कामात लक्ष नव्हतं. सासूबाईंनी भाकरी दोनदा करपवली. नवऱ्याला मी सगळं सांगून टाकलं होतं, तो सकाळी कॅसेट लावून बसला, आपल्या जागी उभ्या असलेल्या साहेबांकडं बघत म्हणाला, "तुजं लगीन खोडकिडीबरोबर लागलंय म्हण की." आणि त्यालाही पुढं हसायला सुचेना.

दुपार कलल्यावर आबा आले. चपला काढल्या, पडवीत घोंगडीवर बसले. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. आबांनी तो एका दमात संपवला आणि परत पुढं केला.

"काय झालं?" सासूबाई.

"सांगितलं. पेपर झाल्याबिगर लग्नाचं नाव काढायचं न्हाय म्हणलं."

"आन आक्का?"

"माज्याकडं पाठ करून बसल्या. दोन तास. मी तितंच उंबऱ्यावर बसलो, त्या आत बसल्या. शेवटी म्हणल्या, जा." आबांनी तोंड पुसलं. "च्या न्हाय दिला त्येनी. जल्मात पहिल्यांदा. पाणीबी मी शेजारच्या घरनं मागून पिलो."

आणि माझ्याकडं वळून, त्याच विहिरीवरच्या आवाजात, पण डोळे पुसत म्हणाले, "टाक की च्या! दोन कप टाक, तिकडचा राहिल्यालाबी हितंच पितो."